घमेल्यातला इंगळ

लुधियाना
१२ नोव्हेंबर २०२४

बाबा, जय सेवा.

फोन केला असता. पण चिंधूच्या दुकानातल्या फोनवर मी ओरडतो, तुमी नुसतं हं हं करता, अन् मंग माहं बोलणं चिंधूच तुमाले सांगते, त्यात आपल्या पदरचं दोन मिसळून. खदानीतल्या मशीननं तुमचे कान नेले, डोळे तं शाबूत हायेत. म्हणून लिहून राह्यलो. सातवीत शाळा सोडली तवा गुरुजी म्हणे याच्या अक्षराले कुत्रं बी विचारणार नाई. तुमी वाचता, लय झालं.

बातमी अशी का जानेवारीत कारखान्यात नव्या मशीन बसणार हायेत. तितके दिवस काम बंद. सगळे रेल्वेनं आपापल्या गावी जातीन. मी अन् गजू सायकलनं येऊन राह्यलो.

दिल्ली, आग्रा, ग्वाल्हेर, झाशी, सागर, सिवनी, नागपूर, मंग आर्वी. साडेचौदाशे किलोमीटरच्या आसपास भरते. गजू म्हणते, "रेल्वे काय म्हशी चढवाले काढली काय बे सरकारनं?" पण येईन तो. माह्या मागं तो नेहमी येते, शिव्या देत येते.

तुमी विचारसान, काऊन. बाबा, दोन वर्षं झाली, मी रोज रिंगा सरळ करतो. चाक फिरवून पाहातो, पण जाग्यावरच. माह्या हातून किती सायकली गेल्या, मी एकीवर बसून कुठी गेलो नाई. खोलीवर बसलो का पायाले मुंग्या येतात. कारखान्यानं फेकून देलेल्या सामानातून मी एक काळी सायकल बांधली. गजूनं तिचं नाव काळीबाई ठेवलं. त्याची बी बांधून राह्यलो.

आता कामाचं. तुमी हिवाळ्यात सायकलवर बांबू लादून आर्वीले जात होते, अंधारातच निघून. तुमाले थंडी कशी सोसत होती ते सगळं लिहा. इथली थंडी आपल्यावानी नाई. धुकं असं का आपलाच हात दिसत नाई. गजूचे हात सकाळी लाकडावानी होतात. तो जात्याच शेळीच्या कातडीचा.

शोभाकाकूले सांगू नका. गजूले नेतानी मी तिले म्हटलं होतं, जसा नेला तसा आणून देईन. तिचा एकच हाये.

तुमचा दुर्गेश

कोसमटोला, ता. आर्वी
२५ नोव्हेंबर

चि. दुर्गेशले बापाचा आशीर्वाद.

पत्र भेटलं. डोकं तुहं जाग्यावर नाई हे तुह्या मायले मी तू रांगत होता तवाच सांगितलं होतं. शोभाबाईले सांगू नका म्हणतो. पोस्टमन पत्र चिंधूच्या दुकानात ठेवते, चिंधूनं पाकीट उजेडात धरलं असंन, गावभर झालं. शोभाबाई कापूस वेचून येत होती, मले वाटेत थांबवलं, कानाजवळ तोंड आणून बोलली, "मले काई फिकर नाई, दुर्गेश हाये ना संगं." तवा हे ध्यानात ठेवजो.

तू ऐकणार नाई हे मले माहीत हाये, म्हणून सांगतो ते तरी नीट वाच.

निघाच्या आधी शेकोटीजवळ बसाचं नाई. शेकून निघाला का पहिल्या टेकडीपर्यंतच गारठते. निघतानी अंग थोडं गार असलंच पाहिजे. घाम आला का एक कपडा काढाचा, थांबला का लगेच घालाचा. थंडीनं माणूस मरत नाई, घामानं मरते. छातीवर शर्टाच्या आत पेपरची घडी ठेव, वारा आत येत नाई. कान बांध, पण इतके नाई का मागून टरक आला तं ऐकू येणार नाई. माहं काय झालं ते पाहातो ना. हँडलले चिंध्या गुंडाळ, लोखंड चावते. पायात दोन मोजे, मधात प्लास्टिकची पन्नी. चाकातली हवा थंडीत बसते, रोज पाहाजो. धुक्यात सायकल चालवाची नाई. ऊन पडेपर्यंत हॉटेलात बसून चहा पी. गूळ अन् फल्लीचे दाणे खिशात ठेव.

पण खरं काम झोपेचं हाये. रातभर अंग आखडलं का सकाळी पाय उचलत नाई. मी कसा जात होतो? तुही माय घमेल्यात चुलीतला इंगळ काढे, वरून राखेचा थर देऊन बाजेखाली सरकवे. रातभर शेक भेटे. तुमी दोघं बहीणभाऊ त्याच शेकावर वाढले. गजूले तेच कर. बाजेखाली घमेलं ठेव, पोट्टं कापसावानी मऊ होऊन उठते.

घरकुलाचं काम चौकटीपर्यंत आलं. रक्षाले सातवा चालू हाये. पहिलं बाळंतपण हाये, तिले इथीच आणतो. तोपर्यंत पक्क्या घरात जाऊ असं वाटते. कुडाच्या घरात आता वारा शिट्ट्या मारते.

घनश्याम

लुधियाना
९ डिसेंबर

बाबा, जय सेवा.

तुमचं पत्र मी गजूले वाचून दाखवलं. घामानं माणूस मरते हे ऐकून म्हणते, "मंग मी अमर हाये, मी काम केल्यावर बी घामेजत नाई."

तयारी जोरात हाये. रविवारी आमी कालव्याच्या रस्त्यानं लंबे जाऊन आलो. छातीवर पेपर ठेवला, फरक पडते. गजूनं पेपरातली नटी वरच्या बाजूले ठेवली, म्हणे शेक चांगला लागते. मी त्याच्या मागं राहातो, त्याचा वेग पाहातो. आता चढावर बी उतरत नाई. चेनचं गिरीस थंडीनं मेणावानी होत होतं, ते काढून पातळ तेल घातलं. दोघाच्या बी मागं लाल चकत्या लावल्या. पंक्चरचं सामान, दोन ट्यूब, पाना, सगळं एका थैलीत बांधून ठेवलं. एक गोष्ट खरी का आता तो बी मनानं निघाला हाये. रातच्यान झोपाच्या आधी गावं मोजते. सागरवरून सिवनीले कोणी गेलं हाये काय आपल्या इकडचं, असं विचारते.

खोलीचं बी केलं. आमची खोली पक्की हाये, सिमेटची, एकच खिडकी, तिले काच नव्हती. मी पोत्याची घडी ठोकून बंद केली. दाराखालची फट चिंध्यानं भरली. वारा आता सुईइतका बी येत नाई. मंग ढाब्यावाल्याकडून तंदूरचा कोळसा आणला अन् तुमी सांगितल्यावानी घमेलं बाजेखाली ठेवलं. बाबा, पहिल्यांदा इथी घरावानी वाटलं. गजू असा झोपला का सकाळी हलवून उठवा लागलं. डोकं दुखते म्हणत होता, उलटीवानी बी वाटे. मी म्हटलं डोक्यात थंडी बसली असंन, आजपासून डोकं बी बांधून झोप.

माही पुढच्या हप्त्यात रातपाळी हाये. गजूची दिवसपाळीच. तेवढी पाळी झाली का काम बंद व्हाले थोडेच दिवस राहातात, मंग निघालोच समजा.

रक्षाले सांगा, मामा सायकलवर येऊन राह्यला.

दुर्गेश

कोसमटोला
२८ डिसेंबर

दुर्गेश,

तू फोन केला त्या दिवशी चिंधू धावत आला. त्याचं तोंड पाहून मले वाटलं तूच गेला. मंग गजूचं नाव समजलं, अन् खोटं बोलत नाई, आधी जीव भांड्यात पडला. त्याची मले लाज वाटते, पण तसंच झालं.

शोभाबाईले मीच सांगितलं, दुसरं कोण सांगणार. ती तुरीच्या शेंगा तोडत होती. तोडतच राह्यली. सगळं झाड मोकळं झालं तवा खाली बसली. आणता येत नाई, तिथीच करून टाका, असं तुले सांगाले मी चिंधूले लावलं, ते बी माह्याच माथ्यावर हाये. आपल्यात मातीत ठेवतात, तिथी तुमी जाळलं. ती म्हणते पोराचं तोंड नाई तं नाई, राख तरी आणून द्या. राख मातीत ठेवू, दगड उभा करू.

थंडीनं गेला म्हणतो. रातभरात थंडीनं जाते काय जवान पोट्टं? तू रातपाळीले होता, तो एकटा होता, तवा त्यानं घमेलं ठेवलं नसंन. आळशी होताच तो. मी शोभाबाईले तेच सांगितलं, का त्या रातच्यान पोरानं इंगळ ठेवला असता तं आज जिता असता. ती म्हणे, "भाऊ, तुमी तं सांगितलं होतं."

काय झालं ते नीट लिही. अन् राख घेऊन रेल्वेनं ये.

घनश्याम

लुधियाना
६ जानेवारी २०२५

बाबा,

तुमी म्हणता तसंच झालं. कोळसा सरला होता. आणाचा राह्यला.

राख माह्याजवळ हाये, पितळी डब्यात, वरून कपडा बांधला. रेल्वेनं येत नाई. सायकलनंच येतो. त्याले सायकलनं आणाचं ठरलं होतं. काळीबाईले मागचं कॅरिअर मोठं केलं, डबा हालू नये म्हणून लाकडाची चौकट बसवली. रोज सकाळी वजन ठेवून चालवून पाहातो, वळणावर जड जाते. धुकं कमी झालं का निघतो. सध्या लय हाये. पंधरा तारखेनंतर पाहू म्हणतात.

शोभाकाकूले माहा नमस्कार सांगू नका. काईच सांगू नका.

दुर्गेश

कोसमटोला
१५ जानेवारी

दुर्गेश,

सायकलनं येतो म्हणजे उशिरा येतो. मले समजते ते. धुकं कमी होईन, मंग पाऊस येईन, मंग टायर फाटंन. शोभाबाई रोज चिंधूच्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसते. कोणती मोटर आली का उठते. तुले त्या बाईच्या तोंडासमोर उभं राहाची भीती वाटते तं तसं लिही. सायकलचं नाव घेऊ नको.

इकडे घरकुलात राहाले आलो. रक्षा आली. तिले मागची खोली देली, कोपऱ्यातली, वारा अजिबात नाई. खिडकीले फळ्या ठोकल्या, थंडी उतरेपर्यंत काढणार नाई. बाळंतीण दवाखान्यातून आली का बाजेखाली शेक लागते, ओल्या अंगाले अन् लेकराले बी. तुह्या मायनं बाभळीचे कोळसे करून पोतं भरून ठेवलं. या वर्षी थंडी जास्त हाये, पन्नास वर्षांत अशी पाह्यली नाई. मी म्हटलं रात अन् दिवस इंगळ विझू द्यायचा नाई. थंडीनं एक लेकरू गेलं, माह्या घरात दुसरं जाऊ देणार नाई.

पुंडलिकरावचा धनंजय पंजाबात जाऊन राह्यला, तुमच्याच कारखान्यात, काम सुरू झालं का गजूच्या जाग्यावर. काल भेटाले आला. मी त्याले सगळं समजावून सांगितलं, घमेलं इथूनच घेऊन जा म्हटलं. तू त्याले सांभाळजो.

घनश्याम

लुधियाना
२३ जानेवारी

बाबा,

हे मी कागदावर लिहून, त्याचा फोटो काढून रक्षाच्या फोनवर पाठवून राह्यलो. चिंधूच्या दुकानातून हे पत्र जाऊ द्याचं नाई. रक्षाले सांगितलं हाये का बाबाले एकट्याले दाखव, मायले नंतर.

तुमचं पत्र आलं त्या दिवसापासून मी रक्षाले फोन करून राह्यलो. खोलीत इंगळ ठेवू देऊ नको म्हटलं. ती म्हणे, "दादा, मी कोणाले सांगू? माय म्हणते बाळंतिणीले शेक लागतेच. बाबा म्हणते गजू इंगळाबिगर मेला, तुले मराचं हाये काय?" मी मायशी बोललो, मायनं फोन ठेवून देला अन् चिंधूले म्हटलं पोराचं डोकं फिरलं. काल रक्षाले पोरगी झाली हे समजलं. उद्या तिले आर्वीच्या दवाखान्यातून घरी आणणार, त्या खोलीत. म्हणून आता लिहा लागते.

कोळसा सरला नव्हता. ते मी खोटं लिहिलं.

त्या दिवशी मी रातपाळीले निघालो तवा गजू गोधडीत शिरून बसला होता. म्हणे, "आज कोळसा जास्त टाक, डोकं कालपासून ठणकून राह्यलं, शेकलं तं उतरंन." मी घमेलं शिगोशीग भरलं. राखेचा थर देला. बाजेखाली सरकवलं. दाराखालची चिंधी बाहेरून पायानं दाबून घेतली अन् गेलो.

सकाळी आलो. दार लोटलं तं लोटेना. मले वाटलं झोपेत काईतरी दाराले लावलं, मी शिव्या देल्या. मंग शेजारचे दोघं आले, जोर लावला. गजू दारापाशी पडला होता. त्याचा हात कडीकडं होता. थंडी नव्हती बाबा, खोली गरम होती. तोंड लाल होतं त्याचं, मले वाटलं जिता हाये. मी गालावर चापट्या मारल्या.

डाक्टर म्हणे कोळशाचा गॅस हाये. त्याले वास नाई, धूर नाई. बंद खोलीत कोळसा ठेवला का तो भरत जाते अन् माणसाले समजत नाई. इथी दर हिवाळ्यात अशी माणसं जातात, बाहेरून आलेलीच जास्त. सकाळी डोकं दुखणं, उलटी वाटणं, ते त्याचंच होतं. म्हणजे तो आधीपासून मरत होता अन् मी त्याले डोकं बांधून झोप म्हणत होतो.

बाबा, तुमी जे केलं ते कुडाच्या घरात केलं. कुडातून वारा येते, छताच्या कवेलूतून निघून जाते. आपण त्याच्यानं जगलो. इथी मी पोतं ठोकलं, फट भरली. घरकुल इथल्या खोलीवानीच हाये. तुमी फळ्या ठोकल्या म्हणता.

मी नाई सांगितलं कारण तुमी शोभाकाकूले सांगून टाकलं होतं का इंगळ असता तं वाचला असता. त्याच्यावर मी कसं लिहू का इंगळानंच मारलं. तुमी ते कसं घेतलं असतं मले माहीत नाई. मले वाटलं हे माह्याजवळच राहू देऊ. आता राहू देता येत नाई. तुमची नात त्या बाजेवर झोपणार हाये.

फळ्या काढा. घमेलं अंगणात टाका. धनंजयच्या घरी बी जा.

दुर्गेश

कोसमटोला
२८ जानेवारी

दुर्गेश,

रक्षानं फोन माह्या हाती देला अन् समोर बसून राह्यली. वाचून झालं तरी तिनं फोन परत मागितला नाई.

फळ्या काढल्या. खिडकीनं माहं समाधान झालं नाई, म्हणून वर छताजवळ भिंतीले सब्बलनं भोक पाडलं. तुही माय ओरडत आली. मले ऐकू येत नव्हतं, पण तोंड पाहून समजलं, का घरकुलाचे फोटो काढाले साहेब येणार हाये अन् हा माणूस भिंत फोडते. तिले सांगितलं. मंग तिनं स्वतःच घमेलं उचललं अन् कोळशाच्या पोत्यासकट बाहेर नेलं. रक्षाले अन् लेकराले आता दोन गोधड्या हायेत, दिवसा उन्हात ठेवतो. लेकरू चांगलं हाये. मधात मधात मी त्याच्या नाकाजवळ हात नेऊन पाहातो.

धनंजयकडे त्याच दिवशी गेलो. त्यानं घमेलं पिशवीत बांधून ठेवलं होतं, नवं, मीच मुद्दाम घेऊन देलेलं. मी ते परत मागितलं. त्याची माय म्हणे, "भाऊ, देल्लं ते वापस घेऊन राह्यले काय?" मी कारण सांगितलं.

शोभाबाईकडे जाले दोन दिवस लागले. काल गेलो. म्हटलं, शोभाबाई, पोरानं आळस केला नाई. इंगळ होता. माह्या सांगण्यावरून होता, त्याच्यानंच गेला. ती उभी राह्यली. बोलू लागली. लय बोलली, दुर्गेश. तिचं तोंड हालत होतं, मले एक शब्द आला नाई. हात हालवून मले ऐकू येत नाई असं बी मी केलं नाई. तिले बोलू देलं.

मंग थांबली. जवळ आली, माह्या कानाले तोंड लावलं अन् एकच विचारलं. झोपेतच गेला ना?

मी मान हालवली. हो म्हटलं.

तू आला का तेच सांगजो. झोपेत गेला, गोधडी अंगावर होती. दाराचं अन् कडीचं तिले सांगाचं नाई. तुह्या मायले बी मी सांगितलं नाई. ते तुह्या अन् माह्याजवळ राहू दे. बाकी सगळं तिले माहीत झालं, तिले तुले जे म्हणाचं ते म्हणू देजो, मधात बोलू नको.

सायकल ठेव. रेल्वेनं ये.

घनश्याम

लुधियाना
३ फेब्रुवारी

बाबा, जय सेवा.

हे बी फोटो काढून रक्षाच्या फोनवर पाठवून राह्यलो. उद्याच्या गाडीत जागा भेटली. काळीबाई झारखंडच्या एका पोट्ट्याले देली, तो म्हणे कुठपर्यंत जाऊ शकते ही. मी म्हटलं कुठपर्यंत बी. खिडकीचं पोतं काढून टाकलं, खोलीत थंडी शिरून राह्यली, येणाऱ्यानं सोसावी. धनंजयले फोनवर बी सांगितलं.

नागपूरले उतरून एस्टीनं आर्वीले येतो, पुढं पायी येईन. डबा माह्या मांडीवरच राहीन, सामानात ठेवणार नाई. गावात शिरलो का घरी येत नाई, आधी शोभाकाकूकडे जातो. तुमी तिथी येऊन थांबा.

ती विचारीन, झोपेतच गेला ना, तवा माह्या बाजूले उभे राहा. तुमाले ऐकू येणार नाई. माह्या तोंडाकडं पाहात राहा, अन् ते मधातच थांबलं तं माहा हात धरा. कोळसा सरला हे खोटं तुमाले मी कागदावर लिहिलं, तवा कोणी समोर नव्हतं. तिच्यासमोर उभं राहून बोलणं मले एकट्याले होणार नाई.

तुमचा दुर्गेश